व्हॅलेटा : तटबंदीच्या आत मावणारी राजधानी

राजधानी म्हटली की मैलोन्‌मैल पसरलेली वस्ती, मंत्रालये, रुंद रस्ते आणि वाहनांची वर्दळ असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. माल्टा या भूमध्य समुद्रातील द्वीपराष्ट्राची राजधानी व्हॅलेटा या समजाला छेद देते. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला रमतगमत चालत गेले तरी वीस मिनिटे पुरतात. लांबी सुमारे एक किलोमीटर, रुंदी त्याहून कमी आणि तीन बाजूंना समुद्र. युरोपीय संघातील ही सर्वांत छोटी राजधानी. जेमतेम ५५ हेक्टर जागेत ३२० स्मारके सामावणाऱ्या या शहराला युनेस्कोने १९८० साली जागतिक वारशाचा दर्जा दिला.

इतक्या चिमुकल्या जागेत एवढा इतिहास कसा गोळा झाला, हे समजून घेतल्याशिवाय व्हॅलेटाची भेट पूर्ण होत नाही. या शहराचा प्रत्येक कोपरा कोणत्या ना कोणत्या भीतीतून किंवा गरजेतून आकाराला आला आहे.

वेढ्यातून जन्मलेले शहर

सेंट जॉनच्या नाइट्सचा पंथ हा मुळात यात्रेकरूंची शुश्रूषा करणारा आणि पुढे शस्त्र हाती घेतलेला ख्रिस्ती पंथ. १५२२ साली ऑटोमन सुलतान सुलेमानने ऱ्होड्स बेट जिंकले आणि हे नाइट्स बेघर झाले. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना माल्टा बेट दिले. मोबदला काय, तर वर्षाला एक ससाणा! उजाड, खडकाळ आणि नदी नसलेल्या या बेटाकडे एकच संपत्ती होती. ती म्हणजे कोणत्याही वाऱ्यात गलबतांना आसरा देणारे खोल, नैसर्गिक बंदर.

या बंदरासाठीच १५६५ च्या मे महिन्यात ऑटोमन आरमार माल्टावर चालून आले. तीस ते चाळीस हजारांच्या या फौजेसमोर सहा ते नऊ हजार बचाव करणारे होते आणि त्यांत प्रत्यक्ष नाइट्स सुमारे पाचशेच. बाकीचे बहुतांश माल्टाचे सामान्य रहिवासी आणि भाडोत्री सैनिक. दोन बंदरांच्या मधोमध समुद्रात शिरलेल्या सिबेरास नावाच्या ओसाड डोंगरकण्याच्या टोकावर सेंट एल्मो हा छोटा किल्ला होता. तो काही दिवसांत पडेल, असा तुर्कांचा होरा होता. प्रत्यक्षात तो २३ जूनपर्यंत झुंजला. तो घेताना तुर्कांची अपरिमित हानी झाली आणि दर्गुत या नावाने युरोपला ठाऊक असलेला त्यांचा नामांकित दर्यासारंग तुर्गुत रईस प्राणाला मुकला. सप्टेंबरमध्ये सिसिलीहून कुमक आली आणि वेढा उठला.

या विजयाने एक धडा शिकवला. तुर्कांनी आपल्या तोफा सिबेरासच्या कण्यावर चढवल्या होत्या, कारण तेथून दोन्ही बाजूंची बंदरे माऱ्यात येत. हा कणा ज्याच्या हाती, बंदर त्याचे. तुर्क पुन्हा येणार हे गृहीत धरून ग्रँड मास्टर जाँ द ला व्हॅलेट यांनी त्या कण्यावरच शहर वसवण्याचा निर्णय घेतला. २८ मार्च १५६६ रोजी पायाभरणी झाली. शहर पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १५६८ मध्ये त्यांचे निधन झाले. मात्र शहराला नाव त्यांचेच मिळाले.

कागदावर आखलेले रस्ते

पोप यांनी आपला लष्करी स्थापत्यतज्ज्ञ फ्रान्चेस्को लापारेल्ली याला माल्टाला धाडले. त्याने आखलेले शहर त्या काळच्या युरोपात नवलाईचे होते. वळणावळणांच्या गल्ल्यांऐवजी एकमेकांना काटकोनात छेदणारे सरळ रस्ते, आणि बहुतेक रस्त्यांच्या शेवटी समुद्राची निळी चौकट. या सरळपणामागे सौंदर्यदृष्टी होती तशी उपयुक्तताही होती. समुद्रावरचा वारा शहरभर खेळावा आणि हल्ला झाल्यास सैन्याला तटाच्या कोणत्याही भागाकडे विनाविलंब धावता यावे, हा त्यामागील हेतू. लापारेल्लीनंतर माल्टाचाच स्थपती जिरोलामो कासार याने काम पुढे नेले. १५७१ मध्ये नाइट्सनी आपले ठाणे बंदरापलीकडच्या बिरगू गावातून येथे हलवले.

मूळ बेत डोंगरकणा कापून सपाट करण्याचा होता. परंतु तुर्कांच्या परतीची धास्ती आणि पैशाची चणचण यांमुळे तो अर्धवट सोडावा लागला. आज पर्यटकांची दमछाक करणारे पायऱ्यापायऱ्यांचे रस्ते ही त्या अपुऱ्या कामाची देणगी होय.

पाण्याची चिंता तर पहिल्या दिवसापासून होती. घराखाली पावसाचे पाणी साठवणारे टाके असलेच पाहिजे, असा दंडक घालण्यात आला. तेही पुरेना, तेव्हा ग्रँड मास्टर विन्याकूर यांच्या कारकिर्दीत बेटाच्या उंच भागातून पाणी आणणारा कालवा बांधला गेला आणि १६१५ मध्ये पाणी शहरात पोहोचले. आजही माल्टात एकही बारमाही नदी नाही. पिण्याच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक हिस्सा समुद्राचे पाणी गोडे करून मिळवला जातो.

साधे कवच, सोनेरी गाभारा

सेंट जॉन को-कॅथीड्रल बाहेरून पाहणाऱ्याला ही एखाद्या किल्ल्याची कोठी आहे की काय, असा प्रश्न पडावा. कासारने बांधलेली ही वास्तू १५७७ मध्ये पूर्ण झाली. आत पाऊल टाकताच मात्र डोळे दिपतात. मात्तिया प्रेती या चित्रकाराने रंगवलेले छत, सोन्याचा मुलामा दिलेल्या नक्षीदार भिंती आणि पायांखाली सुमारे चारशे नाइट्सची रंगीत संगमरवरी थडगी. कवट्या, सांगाडे आणि वाळूची घड्याळे यांच्या आकृत्या आयुष्याच्या क्षणभंगुरतेची आठवण करून देतात.

या वास्तूतील सर्वांत मोलाचा ऐवज म्हणजे काराव्हाज्जोने १६०८ मध्ये रंगवलेले 'सेंट जॉन द बाप्टिस्टचा शिरच्छेद' हे भव्य चित्र. रोममध्ये एकाचा खून करून फरारी झालेला हा इटालियन चित्रकार १६०७ मध्ये माल्टाला आला. येथे त्याला नाइट ही पदवीही मिळाली. काही महिन्यांतच मारामारीपायी तो तुरुंगात पडला, तेथून निसटला आणि पंथातून बडतर्फ झाला. त्याने स्वतः स्वाक्षरी केलेले हे एकमेव चित्र. ती स्वाक्षरी चित्रातील संताच्या रक्ताच्या थारोळ्यात आहे.

नाइट्सनी लढाईबरोबर शुश्रूषेचे व्रतही जपले. १५७४ पासून बांधलेल्या त्यांच्या रुग्णालयाचा मुख्य कक्ष दीडशे मीटरहून अधिक लांब होता आणि रुग्णांना चांदीच्या भांड्यांतून अन्न वाढले जाई. आज ती इमारत परिषदांचे केंद्र झाली आहे.

हिंदुस्थानशी जुळलेले धागे

१७९८ मध्ये नेपोलियनने नाइट्सची सत्ता संपवली आणि १८०० मध्ये ब्रिटिशांनी फ्रेंचांना हुसकावले. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर मुंबई ते लंडन या जलमार्गावरील माल्टाचे महत्त्व कैकपटींनी वाढले. १८७८ मध्ये रशिया आणि तुर्कस्तान यांच्यातील संघर्षात ब्रिटनने आपले सामर्थ्य दाखवण्यासाठी सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून माल्टाला आणले. हिंदी फौज युरोपच्या भूमीवर उतरल्याने त्या वेळी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये मोठे वादंग माजले होते.

त्याच शतकाच्या अखेरीस सिंधी व्यापारी व्हॅलेटात रेशमी वस्त्रे आणि कलाकुसरीच्या वस्तूंची दुकाने थाटू लागले. माल्टातील भारतीय समाजाचा पाया त्यांनी घातला. स्वातंत्र्यलढ्याचाही एक अध्याय येथे घडला. देवबंदचे विद्वान मौलाना महमूद हसन यांना ब्रिटिशांनी १९१७ ते १९२० या काळात माल्टात कैदेत ठेवले. सुटकेनंतर ते मुंबई बंदरात उतरले आणि त्याच वर्षी अलिगढ येथे जामिया मिलियाच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला.

येथील भाषाही मराठी कानांना चकित करते. माल्टी ही अरबी कुळातील, परंतु रोमन लिपीत लिहिली जाणारी भाषा. 'दिन्या' म्हणजे दुनिया आणि 'क्तीब' म्हणजे किताब. 'सीहेब' म्हणजे सोबती; आपला 'साहेब' त्याच मुळातून आलेला. कडवे कॅथलिक असलेले हे लोक देवाला 'अल्ला' म्हणतात.

दुसरा वेढा

दुसऱ्या महायुद्धात माल्टाने आणखी एक वेढा सोसला, या वेळी आकाशातून. १९४२ च्या एप्रिलमध्ये बॉम्बवर्षावात शहराचे ऑपेरागृह उद्ध्वस्त झाले. त्याच महिन्यात राजे सहावे जॉर्ज यांनी संपूर्ण बेटाला 'जॉर्ज क्रॉस' बहाल केला. तो आजही राष्ट्रध्वजावर आहे. ऑगस्टपर्यंत अन्न आणि इंधन संपत आले होते. चौदा जहाजांचा तांडा निघाला, त्यांपैकी पाचच पोहोचली. त्यांतले अखेरचे 'ओहायो' हे तेलवाहू जहाज बुडण्याच्या बेतात असताना दोन्ही बाजूंना युद्धनौकांचा आधार देऊन १५ ऑगस्ट रोजी ग्रँड हार्बरमध्ये आणले गेले. माल्टा १९६४ मध्ये स्वतंत्र झाला आणि १९७४ मध्ये प्रजासत्ताक. ऑपेरागृहाचे भग्नावशेष सात दशके तसेच होते. वास्तुरचनाकार रेन्झो पियानो यांनी २०१३ मध्ये तेथे खुले नाट्यगृह साकारले. शेजारची त्यांचीच संसदेची इमारत २०१५ मध्ये पूर्ण झाली.

शहर कोणासाठी?

आज व्हॅलेटापुढील प्रश्न वेगळा आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी या तटबंदीत वीस हजारांहून अधिक लोक राहत. २०२१ च्या जनगणनेत हा आकडा पाच हजारांच्या आसपास उतरला. युद्धात घरे पडली, सधन कुटुंबे मोकळ्या उपनगरांत गेली. भाडेनियंत्रणामुळे उत्पन्न गोठलेली आणि अनेक वारसांत वाटली गेलेली घरे दुरुस्तीविना कुलूपबंद झाली.

२०१८ मध्ये व्हॅलेटाला युरोपच्या सांस्कृतिक राजधानीचा मान मिळाला आणि चक्र उलटे फिरले. पडक्या वाड्यांची छोटी देखणी हॉटेले झाली, रिकाम्या घरांत पर्यटक उतरू लागले, पदपथांवर उपाहारगृहांची टेबले आली. जुन्या वास्तू वाचल्या, हे निर्विवाद. पण घरांच्या किमती सामान्य रहिवाशाच्या आवाक्याबाहेर गेल्या. २०२२ मध्ये काही रस्त्यांवर रात्री एकपर्यंत संगीत वाजवण्याची मुभा मिळाली, तेव्हा रहिवाशांनी त्याला कडाडून विरोध केला. २०२४ मध्ये सुमारे साडेपाच लाख वस्तीच्या या देशाला ३५ लाखांहून अधिक पर्यटकांनी भेट दिली. ज्या तटबंदीने तोफांना दाद दिली नाही, तिच्या आत किराणा दुकान, शाळा आणि शेजार टिकणार का, हा खरा प्रश्न आहे.

भेट देताना

माल्टा शेंगेन क्षेत्रात असल्याने भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो. इंग्रजी ही अधिकृत भाषा असल्याने संवादाची अडचण नाही. वाहने आपल्यासारखीच डावीकडून धावतात. जुलै-ऑगस्टचा उकाडा टाळून वसंतात किंवा ऑक्टोबरात जावे. पायऱ्या आणि गुळगुळीत दगड लक्षात घेऊन घट्ट पकडीची पादत्राणे घालावीत. कॅथीड्रलमध्ये खांदे झाकलेले असावेत. संगमरवराच्या रक्षणासाठी टोकदार टाचांच्या चपलांना तेथे मज्जाव आहे. 'पास्तित्सी' हा खारीसारखा पापुद्र्यांचा पदार्थ वाटाण्याच्या सारणात मिळतो. शाकाहारी व्यक्तींनी मात्र पापुद्र्यात चरबी नाही ना, हे विचारून घ्यावे.

दुपारी बाराला अप्पर बराक्का बागेखालच्या तोफखान्यातून तोफ डागली जाते. ती पाहण्यास गर्दी लोटते. ती ओसरली की उद्वाहनाने खाली उतरून होडीने पलीकडच्या बिरगूला जावे. तेथून व्हॅलेटा संपूर्ण दिसते : मधाच्या रंगाचा दगड, तट आणि घुमट. शक्य असल्यास शहरात एक रात्र मुक्काम करावा, सकाळी रहिवाशांच्या दुकानात पाव घ्यावा आणि रात्री गल्लीतून जाताना आवाज बेताचा ठेवावा. रंगीत लाकडी सज्जांमागे अजून लोक राहतात आणि त्यांना तेथेच राहायचे आहे.