जातिवंत पिल्लू : वंशावळ आणि आरोग्यपत्र

लष्करी छावणी आणि शस्त्रनिर्मितीचे कारखाने यांच्याभोवती विस्तारलेल्या जबलपूर शहरात ऐसपैस आवाराची घरे अद्याप पुष्कळ आहेत. अशा घरी राखणीसाठी आणि सोबतीसाठी मोठ्या जातीचा कुत्रा पाळण्याची हौस अनेकांना असते. जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, रॉटवायलर, डॉबरमन, ग्रेट डेन ही नावे आता सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. पिल्लू आणताना बहुतेक कुटुंबे रंग, बांधा आणि वंशावळीचा कागद पाहतात. त्याच्या आईवडिलांची आरोग्यतपासणी झाली होती काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

या एका प्रश्नाचे महत्त्व फार आहे. आठ आठवड्यांचे पिल्लू बहुधा गुटगुटीत आणि खेळकरच दिसते. आनुवंशिक दोष प्रकट होतो तो पुढे काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनी. तोपर्यंत घरातील मुलांना त्याचा लळा लागलेला असतो. मग लंगडणे, वेदना, खर्चिक शस्त्रक्रिया किंवा अकाली मृत्यू यांना सारे घर सामोरे जाते.

खुब्याच्या सांध्याचा विकार

मोठ्या जातींतील सर्वाधिक परिचित विकार म्हणजे हिप डिस्प्लेसिया. मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या खोबणीत घट्ट बसावयास हवा. या विकारात सांधा सैल राहतो, वाढीच्या वयात हाडे एकमेकांवर घासतात आणि पुढे संधिवात जडतो. कुत्र्यांतील या दोषाचे वर्णन प्रथम १९३५ साली अमेरिकेत झाले. तेथील उद्योगपती जॉन ऑलिन यांच्या लॅब्राडोर कुत्र्यांनाच हा विकार जडल्याने त्यांनी पुढाकार घेतला आणि १९६६ साली 'ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स' ही संस्था स्थापन झाली.

कुत्र्याला सामान्यतः गुंगीचे औषध देऊन पाठीवर निजवितात आणि मागील पाय सरळ ताणून क्ष-किरण छायाचित्र घेतात. ही संस्था अंतिम प्रमाणपत्र २४ महिने पूर्ण झाल्यावरच देते. ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक खुब्याला ० ते ५३ गुण देतात. दोन्ही बाजूंची बेरीज जितकी कमी, तितका सांधा चांगला. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात विकसित झालेल्या 'पेनहिप' पद्धतीत सांध्याचा सैलपणाच मोजला जातो. ही तपासणी १६ आठवड्यांच्या वयापासून करता येते.

अन्य तपासण्या

पुढील पायांच्या कोपरांचीही अशीच तपासणी होते. डॉबरमन आणि ग्रेट डेन या जातींत हृदयाचा स्नायू क्षीण होऊन हृदय विस्तारण्याचा विकार आढळतो. डॉबरमनमध्ये कित्येकदा अचानक मृत्यू हेच त्याचे पहिले लक्षण ठरते. त्यासाठी हृदयाची सोनोग्राफी आणि २४ तासांचे हॉल्टर यंत्राचे आलेखन उपयोगी पडते. विकार उशिरा उद्भवत असल्याने ही तपासणी दरवर्षी करावी लागते. तमिळनाडूच्या शुभ्रवर्णी राजापालयम जातीत जन्मजात बहिरेपणा आढळतो, म्हणजे देशी जातीही या विचारातून सुटत नाहीत.

जनुकीय चाचणीचा हिशेब

काही विकारांचे निदान रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावरून होते. जर्मन शेफर्डमध्ये उतारवयात मागील पाय लुळे पडण्याचा एक विकार असतो. त्याच्याशी निगडित जनुकीय बदल २००९ साली उघडकीस आला. सदोष जनुक आई व बाप या दोहोंकडून आले, तरच पिल्लास धोका संभवतो. एकाच बाजूने आलेल्यास 'वाहक' म्हणतात. वाहक आणि निर्दोष यांच्या संकरातून रोगाचा धोका असलेले पिल्लू होत नाही. दोन्ही वाहक असतील तर प्रत्येक पिल्लाबाबत तशी शक्यता २५ टक्के असते. म्हणून वाहक जनावर सरसकट बाद न करता त्याची जोडी विचारपूर्वक निवडावी. अन्यथा जातीतील वैविध्य घटून दुसरेच दोष बळावतात.

खुब्याचा विकार इतका सरळ नाही. त्यामागे अनेक जनुके असतात, शिवाय आहाराचाही वाटा असतो. त्यामुळे उत्तम आईवडिलांच्या पोटीही एखादे सदोष पिल्लू निपजू शकते. तपासणीने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

आहाराचे महत्त्व

येथे मालकाची जबाबदारी सुरू होते. अमेरिकेत ४८ लॅब्राडोरांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आजीवन अभ्यासात जोडीतील एकास दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले गेले. कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे, तर इतरांचे ११.२ वर्षे भरले. खुब्याचा संधिवातही कमी खाणाऱ्यांत कमी व उशिरा दिसला. 'हाडे मजबूत व्हावीत' म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लास वैद्यकीय सल्ल्याविना कॅल्शियम पाजणे हे तर हितापेक्षा अहितच करते.

खरेदीपूर्वीची खातरजमा

घर घेताना सुज्ञ ग्राहक विक्रेत्याच्या शब्दावर न विसंबता मालकीहक्काचा शोध-अहवाल मागतो. पिल्लाच्या बाबतीतही हाच विवेक ठेवावा. केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी वंश सांगते. तिला आरोग्याची हमी समजू नये.

श्वानप्रजनन व विक्रीविषयक २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रजननकर्त्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. मादीचे वय प्रजननाच्या वेळी किमान १८ महिने असावे लागते आणि तिला आयुष्यात पाचांहून अधिक वेते होऊ देता येत नाहीत. व्यवहारापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात :

• नोंदणी प्रमाणपत्र आणि शक्य तर पिल्लाची आई प्रत्यक्ष.
• आई व बाप या दोहोंच्या खुबा, कोपर आणि जातीनुरूप हृदय किंवा जनुकीय तपासणीचे मूळ अहवाल.
• अहवालावरील मायक्रोचिप क्रमांक त्याच जनावराचा आहे याची पडताळणी.
• लसीकरण व जंतनाशकाची नोंद.
• दोष आढळल्यास काय करावयाचे, याचा लेखी करार.

अहवाल समजत नसेल तर पशुवैद्यकास दाखवावा. जबलपूरकरांना ही सोय शहरातच आहे. येथील पशुवैद्यक महाविद्यालय १९४८ पासूनचे असून २००९ साली विद्यापीठ स्थापन झाले. मराठवाड्यातील कडोळी येथे जन्मलेल्या नानाजी देशमुख यांचे नाव त्यास दिलेले आहे, ही मराठी वाचकांस आनंद वाटावी अशी गोष्ट होय.

तपासण्यांवर खर्च करणाऱ्याचे पिल्लू साहजिकच काहीसे महाग पडते. परंतु कुत्रा दहा-बारा वर्षे सांभाळावयाचा असतो. त्या मानाने आरंभीची ही अधिक रक्कम अल्पच ठरते. अहवाल मागणारे ग्राहक वाढले, तर तपासणी न करता पिल्ले विकणाऱ्यांनाही आपली रीत बदलावी लागेल.