लिनक्सवरील वाय-फाय आणि फर्मवेअरचा अडसर

विंडोज १० ला मिळणारी नियमित मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यानंतर, धडधाकट जुना लॅपटॉप मोडीत काढण्यापेक्षा त्यावर लिनक्स बसवणे हा परवडणारा मार्ग ठरतो. परंतु वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, गोपाळगडाच्या सान्निध्यात वसलेल्या अंजनवेलसारख्या गावात नव्या प्रणालीला वाय-फायच दिसले नाही, तर हा मार्ग पहिल्याच दिवशी खुंटतो. अशा वेळी दोष ‘ड्रायव्हर’वर, म्हणजे वाय-फायची चिप आणि प्रणाली यांच्यात संवाद घडवणाऱ्या प्रोग्रॅमवर, टाकला जातो. प्रत्यक्षात ड्रायव्हर अनेकदा लिनक्सच्या गाभ्यात, अर्थात कर्नलमध्ये, आधीपासून असतोच; नसते ते फर्मवेअर, म्हणजे खुद्द चिपच्या आत चालणारा आणि ती सुरू होताना ड्रायव्हरने तिच्यात भरावयाचा प्रोग्रॅम.

फर्मवेअर चिप बनवणाऱ्या कंपन्यांच्या मालकीचे असते आणि त्याचा मूळ कोड सहसा खुला नसतो, त्यामुळे मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरणाऱ्या डेबियन या लिनक्स-वितरणाने ते आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेणे वर्षानुवर्षे टाळले. जून २०२३ मधील डेबियन १२ पासून मात्र ते सोबत येते. तत्त्व कितीही योग्य असले, तरी फर्मवेअर उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी फर्मवेअर हवे, या चक्रात सामान्य वापरकर्त्याला अडकवणे गैरच होते. ब्रॉडकॉमच्या चिपसाठी तर स्वयंसेवकांना कंपनीच्या तयार ड्रायव्हरची उकल करून ‘बी-४३’ हा ड्रायव्हर घडवावा लागला. कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो २०१० मध्ये, आणि तोही मोजक्या चिपपुरता.

तपास सर्वांत क्षुल्लक शक्यतेपासून सुरू करावा. ‘आरएफकिल’ ही आज्ञा रेडिओ एखाद्या बटणाने किंवा सॉफ्टवेअरने बंद झाला आहे का हे सांगते. ‘एलएसपीसीआय’ चिप कोणती व तिला कोणता ड्रायव्हर लागला आहे हे दाखवते, तर ‘डीमेसेज’च्या नोंदींत, फर्मवेअर सापडले नसल्यास, हव्या असलेल्या फाइलचे नावच सहसा छापलेले असते. ते कळले की अँड्रॉइड फोन केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे, कारण इंटरनेट केबलमधून येत असल्याने त्यासाठी लॅपटॉपच्या वाय-फायची गरजच पडत नाही, आणि फर्मवेअर उतरवून घेता येते.

कर्नलबाहेरून आणलेला ड्रायव्हर अधिक कटकटीचा, कारण कर्नल अद्ययावत झाला की तो नव्याने जुळवावा लागतो आणि ‘सिक्युअर बूट’ चालू असल्यास डिजिटल स्वाक्षरीअभावी नाकारलाही जातो. सारे सुरळीत असूनही एखाद्याच राउटरचे नाव दिसत नसेल, तर तो १२ किंवा १३ क्रमांकाच्या चॅनेलवर असण्याचा संभव असतो. भारतात २००५ पासून विनापरवाना वापरास खुल्या असलेल्या पट्ट्यात हे चॅनेल बसतात, परंतु अमेरिकेच्या नियमांवर बेतलेला संगणक ते वापरत नाही, आणि वाय-फायच्या मांडणीत देश म्हणून भारत निवडल्यावर ते सहसा खुले होतात.