न्हाणीघराच्या छतातील दिवा

बंगळूर आणि विजेचा दिवा यांचे नाते जुने आहे. कावेरीवरील शिवनसमुद्र येथे १९०२ साली वीज निर्माण होऊ लागली. ती प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली आणि १९०५ साली बंगळूरचे रस्ते तिने उजळले. त्या वेळचा दिवा खांबावर, सर्वांच्या दृष्टीसमोर असे. आज शहराच्या उत्तरेस, विमानतळाच्या वाटेवरील हेब्बाळसारख्या भागात उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्यांच्या न्हाणीघरांत दिवा छतात दडून बसला आहे. हा दडलेला दिवा कसा निवडावा व कसा बसवावा, याचा आज विचार करू.

अशा इमारतींत पुष्कळदा वरच्या बिऱ्हाडाच्या न्हाणीघराचे सांडपाण्याचे नळ आपल्या न्हाणीघराच्या माथ्यावरून जातात. ते झाकण्यासाठी खाली दुसरे, खोटे छत करतात व त्याला भोके पाडून दिवे बसवितात. म्हणजे दिव्याला खालून वाफ आणि शिंतोडे यांचा उपद्रव, तर वरून गळतीचा धोका. ग्राहक मात्र दिव्याची चकचकीत कड तेवढी पाहतो.

दिव्याच्या खोक्यावर ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन अंक असतात. पहिला अंक धुळीपासूनच्या आणि दुसरा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा. ४४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसणारा. ६५ म्हणजे धूळ आत न घेणारा व पाण्याचा फवाराही सोसणारा. फवाऱ्याखालच्या जागेवर ६५ चा दिवा घ्यावा. इतरत्र ४४ चा चालतो. परंतु एक गोष्ट विसरू नये. पुष्कळ दिव्यांत हे संरक्षण केवळ खालच्या तोंडापुरते असते. पाठ उघडीच राहते. म्हणून नळाच्या सांध्याखाली दिवा कधीही ठेवू नये. गळती असल्यास आधी ती दुरुस्त करावी, मग दिव्याचे पाहावे.

एलईडी दिव्याला योग्य प्रवाह पुरविणारी एक लहानशी पेटी असते. तिला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. ही पेटी आणि तारांचे सांधे बंद डब्यात, नळांपासून दूर, हात पोहोचेल अशा जागी असावेत. त्यासाठी छतात एक झडप ठेवावी. नळाच्या दुरुस्तीलाही ती उपयोगी पडते. पेटीभोवती हवा खेळती असावी, कारण उष्णतेने तिचे आयुष्य घटते.

छत कापण्यापूर्वी भोकाचा व्यास आणि वरच्या पोकळीची खोली मोजून घ्यावी. मुख्य बटण बंद करून, तारेत प्रवाह नाही याची परीक्षकाने खात्री करूनच परवानाधारक कारागिराने काम करावे. दिव्याचे धातूचे अंग भूतारेला जोडण्याची सोय असेल तर ती टाळू नये. घरच्या फळ्यावर ३० मिलिॲम्पियरचे आरसीसीबी असावे. प्रवाह गळून जमिनीकडे जाऊ लागताच ते वीज तोडते. ओल्या अंगाला २३० व्होल्टचा धक्का प्राणघातक ठरू शकतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या उपकरणाचे मोल कळते. त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे.

आता उजेडाविषयी. पाच फूट रुंद व आठ फूट लांब न्हाणीघराला सहा-सात वॅटचे दोन एलईडी दिवे साधारणपणे पुरतात. दोन्ही दिवे मधोमध ठेवले तर आरशासमोर उभ्या राहणाऱ्याच्या पाठीमागून उजेड येतो आणि त्याच्याच चेहऱ्यावर सावली पडते. म्हणून एक दिवा आरशाकडे सरकवावा. आरशाच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर दिवे असले तर अधिक चांगले. तीन ते चार हजार केल्व्हिनचा उजेड डोळ्यांना सुखावह वाटतो. घरात वृद्ध असतील तर ओली फरशी आणि उंबरा स्पष्ट दिसतो की नाही, हे रात्री पाहून घ्यावे.

तात्पर्य, छतात दिवा लपविता येतो. पाणी आणि वीज यांचे वैर लपविता येत नाही. दिव्याची निवड करताना त्याच्या तोंडाइतकीच त्याच्या पाठीचीही चौकशी करावी, म्हणजे स्नानाचा तो घटकाभर वेळ निर्धास्तपणे जाईल.