मीटर बंद, तरी सिंकखाली पाणी

मस्कतमध्ये स्वयंपाकघराचं काम काढलं की एक सल्ला हमखास मिळतो: "बाहेर मीटरचा कॉक बंद करा आणि खुशाल सिंक काढा." दारसैत असो की अल खुवैर, जो तो हेच सांगतो. चुकीची गोष्ट इतक्या ठामपणे सांगितली जाते याचा राग येतो, कारण भुर्दंड ऐकणाऱ्याला पडतो.

घुब्रा, बरका इथल्या प्रकल्पांत गोडं केलेलं समुद्राचं पाणी मीटरमधून येतं, पण बहुतेक घरांत ते आधी टाकीत साठतं आणि ओट्यावरचा नळ गच्चीवरच्या टाकीवर चालतो. मीटर बंद केलं की टाकी भरायची थांबते, रिकामी व्हायची थांबत नाही. टाकी नळापासून 10 मीटर उंच असेल, तर नळाशी जवळपास 1 बार दाब असतो. शिवाय गच्चीवर प्रेशर पंप असेल, तर सिंकखालचा नट सुटून दाब उतरला की तो आपोआप सुरू होतो आणि पाणी आणखी जोरात येतं.

म्हणून आधी पंप बंद करा. मग टाकीतून स्वयंपाकघराकडे उतरणाऱ्या पाइपवरचा कॉक बंद करा. ओट्यावरचा नळ सोडून ठेवा. धार बारीक होऊन थेंबही थांबला, की मगच खाली बादली ठेवून नट सैल करा. "सिंकखालचे अँगल कॉक बंद केले की पुरे," असंही म्हणतात. पण वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक घट्ट बंद करूनही गळू शकतो. म्हणून पाइप काढल्यावर कॉकच्या तोंडाला टेफ्लॉन टेप गुंडाळून अर्ध्या इंची कॅप बसवा.

गीझर चालू राहिला तरी चालतं? अजिबात नाही. तो रिकामा झाला तर कॉइल जळते. आणि 60 अंशांचं पाणी 6 सेकंदांत कातडी भाजतं, असं अमेरिकेचा ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग सांगतो. उन्हाळ्यात तर इथे थंड नळालाही कढत पाणी येतं.

ड्रेनच्या भोकात फडकं कोंबणं हाही उपाय नव्हे. घाण वास आणि झुरळं अडवतं ते बॉटल ट्रॅपमधलं पाणी. ट्रॅप काढला की तिथे घट्ट बूच हवं. जुने कनेक्शन पाइप परत वापरू नका, त्यांचे वॉशर दबलेले असतात.

काम सुरू होण्याआधीच गच्चीवर जाऊन तुमच्या स्वयंपाकघराचा कॉक फिरतो का, ते बघा. अडकला असेल तर आधी तो बदलून घ्या, सिंक नंतर.