आधी ब्रेक, मग काच

डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटले की गिऱ्हाईक बॅटरीवर संशय घेतं. मी बॅटरीची तार काढतो, स्टिअरिंगखालच्या, बिघाड तपासायच्या ओबीडी सॉकेटला मल्टिमीटर लावतो आणि ६ व १४ नंबरच्या पिनांमधला रेझिस्टन्स बघतो. बऱ्याच गाड्यांत तो ६० ओहम यायला हवा. १२० दिसला, तर या पिनांना जोडलेल्या तारांच्या दोन टोकांपैकी एकाचा रेझिस्टर गेलाय किंवा मध्ये तार तुटलीय.

पीळ घातलेल्या या दोन तारा म्हणजे कॅन बस. इंजिन, ब्रेक, दरवाजे, मीटर या सगळ्यांना आपापला छोटा कॉम्प्युटर असतो आणि ते या तारांवरच एकमेकांशी बोलतात. जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९८३ मध्ये हे काम हाती घेतलं आणि १९८६ मध्ये डेट्रॉइटला लोकांपुढे मांडलं.

आता दोघं एकदम बोलायला लागले तर? त्या काळच्या ऑफिसांतल्या इथरनेटवर अशी टक्कर झाली की दोघंही गप्प बसत आणि नशिबाने ठरेल तेवढं थांबून पुन्हा प्रयत्न करत. प्रिंटरला हे चालतं, ब्रेकला कसं चालेल?

कॅनवर प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला त्याचा नंबर जातो, साधारणपणे ११ बिटांचा. तारेवर एकाने ० आणि दुसऱ्याने १ टाकला, तर ० टिकतो. नंबर पाठवणारा स्वतःही तार ऐकत असतो. समजा, ब्रेकच्या संदेशाचा नंबर ८० आणि काचेच्या बटणाचा ९००. दोघांचा पहिला बिट ०, दुसऱ्या बिटाला ब्रेकचा ० आणि काचेचा १. काचेने १ टाकला, पण तारेवर ० ऐकू आला. ती तिथल्या तिथे माघार घेते. ब्रेकचा संदेश मात्र एकही बिट न गमावता पुढे जातो, त्याला टक्कर झाल्याचा पत्ताही नसतो. वाहतूक सांभाळणारा मुकादम कुठेच नाही. मला विचाराल तर या सगळ्यातली खरी अक्कल ती हीच.

एक अडचण राहतेच. एखादा संदेश आधीच निघालेला असेल, तर ब्रेकलाही तो संपेपर्यंत थांबावं लागतं. पण मूळ कॅनच्या एका संदेशात माहिती जास्तीत जास्त ८ बाइट. सेकंदाला ५ लाख बिटांच्या बसवर ही वाट फार तर पाव मिलिसेकंदाच्या जरा वर जाते. मोठ्या नंबरवाल्यांचा हिशेब अवघड, कारण त्यांच्यापुढे किती जण घुसतील ते मोजावं लागतं. इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात त्याची रीत बसवली. पुढे २००७ मध्ये त्या रीतीतली चूक उघड झाली आणि ती दाखवणाऱ्यांत मूळ लेखकांपैकीच एक, ॲलन बर्न्स, होते. वेग किती हे मोटारीच्या जाळ्यात दुय्यम. जास्तीत जास्त उशीर किती, हे आधी सांगता आलं पाहिजे.

बिघडलेला कॉम्प्युटर बसवर गोंधळ घालू लागला तर? पाठवताना चूक झाली की त्याच्या खात्यात ८ जमा होतात, नीट गेलेल्या संदेशामागे १ वजा होतो. आकडा २५५ च्या वर गेला की तो आपणहून बसवरून बाजूला होतो.

हे सगळं बाहेरून लावलेल्या एका अलार्मने बिघडू शकतं. तेव्हा कॅमेरा, अलार्म किंवा ट्रॅकर बसवताना कुणी पीळ उलगडून तारा सोलायला लागला, तर त्याला थांबवा आणि गाडीच्या मॉडेलचा तयार कपलर मागा.