रक्तदाबाची गोळी आणि अपत्यप्राप्ती

विवाहास चार-पाच वर्षे उलटूनही घरात पाळणा हलला नाही, की सर्वप्रथम सुनेच्या तपासण्या सुरू होतात. पतीच्या वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या व हालचाल समाधानकारक आढळली, की त्याच्याविषयीची चौकशी तेथेच संपते. पेढीच्या व्यापात तरुणपणीच जडलेल्या रक्तदाबासाठी तो रोज कोणती गोळी घेतो, हे डॉक्टरांना सांगण्याचे कोणालाच सुचत नाही. वस्तुतः ते सांगणे अत्यंत आवश्यक आहे.

फलनाच्या क्रियेत कॅल्शियमचे कार्य मोलाचे आहे. शुक्राणू बीजांडाजवळ पोहोचला, की भोवतालच्या पेशींतून स्रवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनमुळे त्याच्या आतील कॅल्शियम वाढते. त्यायोगे शेपटीचे फटकारे जोरदार होतात आणि डोक्यावरील टोपीसारख्या पिशवीतील पाचक द्रव्ये मोकळी होतात. या तयारीनिशीच तो बीजांडाचे कवच भेदू शकतो. शुक्राणूच्या शेपटीत कॅल्शियमला वाट देणारी ‘कॅटस्पर’ ही वाहिनी २००१ साली अमेरिकेत डेव्हिड क्लॅपहॅम यांच्या प्रयोगशाळेने शोधली. ती नसलेले नर उंदीर वंध्य ठरले.

अम्लोडिपिन, निफेडिपिन, डिल्टियाझेम, वेरापामिल ही औषधे रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत शिरणारे कॅल्शियम रोखतात. वाहिन्या सैलावतात व रक्तदाब उतरतो. अशी औषधे घेणाऱ्या काही पुरुषांचा अभ्यास सुसान बेनॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात न्यूयॉर्क येथे केला. नेहमीच्या तपासणीत दोष दिसत नसूनही त्यांच्या शुक्राणूंकडून प्रयोगशाळेत फलन होत नव्हते. औषध बंद केल्यावर ती क्षमता परत आल्याचे आढळले. औषधामुळे शुक्राणूच्या पटलात कोलेस्टेरॉल साचते व त्याची अंतिम तयारी अडते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मात्र हे अभ्यास लहान होते आणि अशी औषधे घेणारे अनेक पुरुष पिताही होतात. म्हणून सारा दोष गोळीवर लादणे जितके अयोग्य, तितकेच तिच्याकडे दुर्लक्ष करणेही अयोग्य. अनेकांताची दृष्टी येथेही उपयोगी पडते.

गोळी मनाने बंद करणे मात्र धोक्याचे आहे. अनियंत्रित रक्तदाबाने पक्षाघात ओढवू शकतो. हृदयरोगतज्ज्ञ व वंध्यत्वतज्ज्ञ या दोघांपुढे औषधांची संपूर्ण यादी ठेवावी. योग्य वाटल्यास ते दुसऱ्या वर्गातील औषध देऊ शकतात. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून बदलाचा परिणाम पाहण्यासाठी किमान तीन महिने धीर धरावा. आहारातील दूध किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांचा या औषधांशी गोंधळ करू नये.

सुनेला आणखी एका वेदनादायक उपचाराला सामोरे जाण्यास सांगण्यापूर्वी मुलाच्या औषधांची चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवावी. त्यास खर्च काहीच येत नाही. आणि एका निरपराध स्त्रीच्या माथ्यावरील बोल कदाचित टळू शकेल.