आडोसा म्हणजे न्हाणीघर नव्हे!

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव, मंचरच्या आसपास आता इमारती उभ्या राहिल्या आहेत. खरेदीखत तपासायला येणारे अशील बिल्डरचे माहितीपत्रकही आमच्या टेबलावर ठेवतात. त्यात बाथरूमचे कौतुक फार. एक झोपायच्या खोलीला लागून, ते अटॅच्ड. एक पाहुण्यांसाठी, ते कॉमन. कमोडचे ते वेस्टर्न, उकिडवे बसायचे ते इंडियन. परवा एका बागायतदाराच्या बंगल्याच्या नकाशात आम्हाला आणखी एक प्रकार सापडला. घरात तीन बाथरूम, आणि शिवाय कुंपणाच्या भिंतीला चिकटून एक संडास, 'कामगारांसाठी'. म्हणजे मोलकरणीने तिन्ही बाथरूमच्या फरशा घासायच्या, आणि स्वतःला जायचे झाले तर अंगण ओलांडून कुंपणाकडे जायचे! नकाशावर जात लिहिलेली नसते. लिहायची गरजही पडत नाही.

याच जुन्नरच्या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूसंघ राहत होता. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्याचा शिलालेख तेथे आहे. संघाने शौचकुटी कशी वापरावी याचे नियम विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहेत. बाहेरच्याने आत जाण्यापूर्वी खाकरावे, आत कोणी असेल तर त्यानेही खाकरून उत्तर द्यावे. आणि महत्त्वाचे म्हणजे, येथे थोरला-धाकटा पाहू नये. जो आधी आला तो आधी जाईल. बंगल्याचा नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरला हे कोणी शिकवलेले दिसत नाही.

आता आपल्या वस्तीत या. आपल्या घरांतले प्रकार माहितीपत्रकात सापडणार नाहीत, ते जनगणनेच्या फॉर्ममध्ये आहेत. २०११ च्या जनगणनेत आंघोळीच्या सोयीचे तीनच प्रकार होते : न्हाणीघर, छत नसलेला आडोसा, आणि काहीच नाही. देशातल्या शंभर घरांपैकी सुमारे ४२ घरांत न्हाणीघर होते, १६ घरांत आडोसा आणि उरलेल्या ४२ घरांत काहीही नव्हते. पुरुषाला त्याने फारसे अडत नाही. तो चड्डीवर विहिरीच्या काठाला बसून अंग धुतो. बाईने काय करावे?

आमची आई पहाटे चारला उठत असे. घराच्या मागे चार मेढी रोवून त्यांना जुने लुगडे गुंडाळलेले, खाली एक चपटा दगड. उजाडायच्या आत आंघोळ उरकली पाहिजे, कारण उजाडल्यावर मागच्या पायवाटेने माणसे जात. पावसाळ्यात लुगडे भिजून अंगाला चिकटायचे. पाळीच्या दिवसांत तिचे काय होत असेल, हे आम्हाला कायद्याची पदवी घेतल्यावरही बरीच वर्षे सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे.

तो आडोसा आजही संपलेला नाही. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या आदिवासी वाड्यांत आणि जुन्नरच्या पश्चिम भागात तो आम्ही पाहतो. फक्त लुगड्याच्या जागी खताच्या गोण्या आल्या आहेत. शासनाने काही केले नाही असे नाही. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झाले आणि शौचालयासाठी बारा हजार रुपये मिळू लागले. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे, आदिवासींसाठी शबरी योजना आहे. पण घरकुलाचे क्षेत्रफळ २६९ चौरस फूट. त्यात स्वयंपाक, झोपणे, मुलांचा अभ्यास बसवायचा. हागणदारीमुक्तीच्या फलकासाठी संडास मोजले गेले, न्हाणीघर मोजले गेले नाही. मग बायका संडासातच आंघोळ करतात.

आणि तिथेच खड्ड्याचे गणित बिघडते. दोन शोषखड्ड्यांचा संडास तांब्या-दोन तांब्या पाण्यासाठी असतो. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा. पहिल्यातल्या मैल्याचे वर्षा-दीड वर्षात खत होते, त्याला दुर्गंधी राहत नाही, ते घरचा माणूस स्वतः काढू शकतो. कोणत्याही जातीच्या माणसाला बोलवावे लागत नाही. आमच्या मते या संडासाची खरी थोरवी हीच. पण सहा माणसांच्या आंघोळीचे पाणी त्यात सोडले, तेही कातळाच्या जमिनीत, की खड्डा महिन्यातच तुंबतो. मग गवंडी सांगतो, "सेप्टिक टाकी बांधा." टाकी आज ना उद्या भरतेच, आणि ती उपसायला कोणाला बोलावतात हे आम्ही सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरण पावलेल्याच्या कुटुंबाची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. रक्कम वाढली, उतरणाऱ्याची जात बदलली नाही.

म्हणून न्हाणीघर वेगळे हवे आणि त्याचे पाणीही वेगळे जायला हवे. चार फूट बाय चार फूट जागा, पक्क्या भिंती, वर पत्रा, आतून कडी, आणि सांडपाण्याला स्वतंत्र शोषखड्डा किंवा परसातली केळ. एवढ्यासाठी निधी नाही असे कोणी म्हणत असेल तर त्याने २४ ऑगस्ट २०१७ चा निकाल वाचावा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा अनुच्छेद २१ खालचा मूलभूत अधिकार ठरवला आहे. त्याची चर्चा मोबाईल आणि आधार कार्डापुरतीच झाली. गोणपाटाच्या आड आंघोळ करणाऱ्या बाईच्या खासगीपणाची याचिका अजून आमच्याकडे कोणी घेऊन आलेले नाही. आणली तर आम्ही फी घेणार नाही.

तोवर एक काम घरबसल्या होण्यासारखे आहे. मागे एका वाडीत फॉर्म भरताना एका आजीला आम्ही विचारले, "आजी, घरात न्हाणी आहे का?" सरपंच शेजारीच उभे. आजी म्हणाली, "हाय की." आम्ही मागच्या बाजूला जाऊन पाहिले, तर दोन मेढी आणि एक फाटकी ताडपत्री. "ही न्हाणी?" आजी हसली, "मग काय सांगू वकीलसाहेब, लाज वाटती." लाज तिला वाटत होती. सरपंच मोबाईल पाहत होते. जनगणनेचा कर्मचारी दारात येईल तेव्हा त्याला बाहेरूनच उत्तर देऊ नका. त्याला घराच्या मागे घेऊन जा, आडोसा दाखवा, आणि तो कोणत्या रकान्यात खूण करतो ते तिथेच उभे राहून पाहा.